तटाआतले शहर आणि मागे राहिलेली माणसे

लिस्बन शहर एकदा डोळे भरून पाहावे, ही आमची सेमिनरीतल्या दिवसांपासूनची इच्छा. ख्रिस्तसभेचा इतिहास शिकताना त्या बंदराचे नाव वारंवार कानी पडे. 1541 साली संत फ्रान्सिस झेवियर तेथूनच गलबतावर चढले. तेथल्या चढउताराच्या गल्ल्या आम्ही मनातल्या मनात कितीदा पालथ्या घातल्या, याची गणती नाही. पुढे एका धर्मग्रामातून दुसऱ्यात बदल्या होत गेल्या, केस पिकले, गुडघे कुरकुरू लागले आणि ती इच्छा राहून गेली. गेल्या हिवाळ्यात आमच्या एका मित्रापाशी आम्ही हे बोलून दाखविले. हे मित्र जन्माने चौलचे. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवून आता निवृत्त झालेले. आम्ही त्यांना मास्तर म्हणतो. ते हसून म्हणाले, "फादर, युरोपातलं शहर पाहायला पासपोर्ट कशाला? उद्या सकाळच्या एसटीनं निघू आणि जेवणाच्या वेळेपर्यंत ते पालथं घालू."

मास्तरांचे युरोपातले शहर म्हणजे रेवदंडा.

अलिबागहून मुरूडच्या रस्त्याने सतरा-अठरा किलोमीटर गेले की नारळी-पोफळींच्या दाट वाड्या लागतात आणि त्यांतून वाट काढणारी एसटी एका जुन्या तटाला पाडलेल्या खिंडारातून आत शिरते. प्रवाशांपैकी कोणी मान वर करून पाहत नाही. आम्हीही पूर्वी याच रस्त्याने अनेकदा गेलो होतो. तटाच्या आत आपण एका बुजलेल्या शहराच्या रस्त्यावरून चाललो आहोत, हे मात्र त्या दिवशी मास्तरांचे बोट धरूनच आम्हाला कळले.

चौल बंदर फार पुराणे. टॉलेमीच्या भूगोलात ते सिमिल्ला या नावाने येते. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे वास्को द गामा येण्यापूर्वीच, अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा विकायला घेऊन येथे उतरला होता. त्याचे स्मारक 2002 साली रेवदंड्यात उभारले गेले. मास्तरांनी आम्हाला प्रथम तेथे नेले. म्हणाले, "हा पहिला पाहुणा. तोफ न आणता आलेला."

पुढचे पाहुणे तोफा घेऊन आले. 1508 साली चौलच्या खाडीत पोर्तुगीज आरमाराची इजिप्तच्या ममलूक आरमाराशी आणि दीवच्या मलिक अयाझशी लढाई झाली. तीत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा तरुण मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. बापाने पुढच्याच वर्षी दीवला त्याचा सूड घेतला. 1521 साली अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगिजांना येथे किल्ला बांधू दिला. त्याला दारूगोळ्याइतकीच घोड्यांचीही गरज होती, आणि अरबस्तानातून येणाऱ्या घोड्यांच्या वाटेवर पोर्तुगीज बसले होते. 1524 पर्यंत किल्ला उभा राहिला. मग चौल दोन झाले. आतल्या बाजूचे निजामशाहीचे जुने चौल आणि समुद्राकाठचे पोर्तुगिजांचे चौल. हे दुसरे चौल म्हणजेच आजचे रेवदंडा.

आम्ही दोघे वाड्यांमधून हिंडू लागलो. कुठे पोफळीच्या बुंध्यांमध्ये एक कमान उभी, कुठे विहिरीच्या काठाला कोरीव दगड बसवलेला. फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन, येशूसंघीय अशा सगळ्या संघांची मठ-मंदिरे या एवढ्याशा तटाआड दाटीवाटीने नांदत होती. सातखणी म्हणून ओळखला जाणारा उंच मनोरा अजून उभा आहे. वरचे मजले ढासळले आहेत. फ्रान्सिस्कन संन्याशांच्या चर्चशी त्याचा संबंध सांगितला जातो. एका लहानशा छपराविना उरलेल्या चॅपेलला संत झेवियर यांचे नाव आहे. त्यांनी येथे उपदेश केला अशी परंपरा सांगते. त्या भिंतींत उभे राहून आम्ही मनातल्या मनात एक प्रार्थना म्हटली. मास्तर चपला काढून बाहेर थांबले होते.

एके काळी हे शहर श्रीमंत होते. फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल याने सतराव्या शतकाच्या आरंभी येथल्या रेशमाची आणि कारागिरांची मोठी तारीफ केली आहे. 1570-71 साली अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाने चौलला, विजापूरच्या आदिलशहाने गोव्याला आणि कालिकतच्या सामोरीने चालियमच्या किल्ल्याला एकाच वेळी वेढा घातला. चालियम पडले, चौल महिनोन्‌महिने लढून तगले. पुढे खाडीपलीकडच्या कोर्लईच्या डोंगरावर निजामशाहीने किल्ला बांधून चौलच्या नरड्यावर हात ठेवला, तेव्हा 1594 साली पोर्तुगिजांनी तोही जिंकला. शाळकरी मुलांना गोष्ट सांगावी तसे मास्तर हे सारे रंगवून सांगत होते आणि आम्ही, खोटे कशाला बोला, मनातून फुगत होतो. जणू ते वेढे आमच्याच वाडवडिलांनी परतवले होते!

मनोऱ्याच्या सावलीत शहाळी पीत बसलो असताना मास्तरांनी सहज विचारले, "फादर, रागावू नका. हे शहर तुमचं की आमचं?"

आम्ही लगेच उत्तर देऊ शकलो नाही. उत्तर देणे सोपे नव्हते. या तटाआतल्या घरांतून गुलाम राबत होते. त्यांची खरेदी-विक्री होई आणि विकणारे व विकत घेणारे रविवारी मिस्साबलीला गुडघे टेकीत. गोव्यात 1560 साली सुरू झालेले धर्मन्यायालय, म्हणजेच इन्क्विझिशन, मधला अल्पसा खंड सोडला तर 1812 पर्यंत चालले. धर्म आणि सत्ता एका म्यानात ठेवल्या की काय होते, ते या किनाऱ्याने पाहिले आहे. आमच्या मित्राच्या पूर्वजांनी हे शहर तटाबाहेरून पाहिले. आमचे पूर्वज आत होते असे आम्ही समजतो खरे. पण आत होते ते कोणत्या खोलीत? दिवाणखान्यात की पाणी भरणाऱ्यांत? या प्रश्नाने आमचा मघाचा फुगा तेथेच फुटला.

आम्ही एवढेच म्हणालो, "मास्तर, तेव्हा सगळे युरोपीय एकसारखे नव्हते. याच काळात फादर थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्रज येशूसंघीय 1579 साली गोव्यात आले, मराठी शिकले आणि त्यांनी ओवीछंदात ख्रिस्तपुराण रचले. 1616 साली ते रायतूरला छापले गेले." मास्तरांनी मान डोलावली. म्हणाले, "ते आम्ही शिकवत होतो ना. स्टीफन्सना मराठीत यावंसं वाटलं, म्हणून ते राहिले. हे शहर मराठीत आलंच नाही. मग उरल्या भिंती."

हे वाक्य घेऊन आम्ही दुपारी कुंडलिकेच्या खाडीवरचा साळावचा पूल ओलांडून कोर्लईला गेलो.

1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि उत्तर कोकणातली पोर्तुगीज सत्ता संपली. 1740 साली इंग्रजांच्या मध्यस्थीने तह झाला. त्यानुसार चौल आणि कोर्लई मराठ्यांच्या ताब्यात आली. तोफा, पैसाअडका, वजनदार माणसे जहाजांवर चढली. ज्यांना जहाजावर जागा नव्हती ती माणसे राहिली: नोकर, गरीब शिपाई, राबणारी बाप्तिस्मा झालेली कुटुंबे. त्यांची वस्ती कोर्लईच्या डोंगराच्या पायथ्याशी टिकली. धर्मामुळे ती शेजारच्या मराठी समाजापासून वेगळी पडली आणि दूरच्या ख्रिस्ती बांधवांपासून अंतराने तुटली. या एकटेपणात त्यांनी एक आश्चर्य सांभाळले. मालकांकडून कानी पडलेल्या पोर्तुगीज शब्दांची त्यांनी घडवलेली बोली अडीचशे वर्षांहून अधिक काळ त्यांच्या चुलीपाशी जिवंत राहिली. ते तिला 'नो लिंग' म्हणतात; म्हणजे आपली भाषा. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने तिचा अभ्यास करून 1996 साली ग्रंथ प्रसिद्ध केला. तिच्याविषयीची एक गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. पोर्तुगीजमध्ये क्रियापद वाक्याच्या मध्ये येते. कोर्लईच्या बोलीत ते मराठीसारखे शेवटाकडे सरकले. शब्द लिस्बनचे, चाल कोकणातली. मास्तर ज्याला मराठीत येणे म्हणत होते, ते गव्हर्नरांना जमले नाही. त्यांच्या मागे राहिलेल्या गरिबांनी ते केले.

आणि देवघेव एकतर्फीही नव्हती. आपण पावाला पाव म्हणतो, महिन्याला पगार घेतो, कुलपाला चावी लावतो, घमेल्यात वाळू भरतो, दाराला बिजागरी बसवतो. हे शब्द त्याच गलबतांतून उतरले. किल्ले पडले, पण शब्दांना कोणी तह करून परत पाठवले नाही.

येथे आम्हाला एक कबुली द्यावयाची आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी आम्ही एका सणाच्या तयारीला, कबुलीजबाब ऐकण्यासाठी, कोर्लईस गेलो होतो. चर्चच्या पायरीवर एका वृद्ध आजींनी आमच्या हाताचे चुंबन घेऊन त्यांच्या बोलीत काहीतरी म्हटले. बहुधा आशीर्वादाचे मागणे असावे. आम्ही नुकतेच पुस्तकावरून थोडे पोर्तुगीज शिकलो होतो. विद्वत्तेच्या तोऱ्यात म्हणालो, "आजी, शुद्ध असं नाही, असं म्हणतात." आजींनी मान खाली घातली. पुढे त्या आमच्याशी दिवसभर मोडक्यातोडक्या मराठीत बोलल्या. त्या दिवशी कबुली ऐकणाऱ्याकडूनच पाप घडले, हे कळायला आम्हाला इतकी वर्षे लागली. त्यांच्या ओठांवरची प्रार्थना त्यांच्या आजीने, आणि त्या आजीच्या आजीने, धर्मगुरू असो वा नसो, राखली होती. व्याकरण आम्ही राखत होतो, श्रद्धा त्या.

या खेपेला कार्मेल मातेच्या चर्चजवळ एक आजीबाई नातवाला हाक मारीत होत्या. हाक त्यांच्या बोलीत. नातवाचे उत्तर मराठीत. मास्तरांनी आमच्याकडे पाहिले. शाळा मराठीतून, उपासना मराठीतून, नोकरी मुंबईची. मुलांना दोष कसा द्यावा? आम्ही आजीबाईंना हात जोडून म्हणालो, "तुमच्या भाषेत एक शब्द शिकवा." त्या लाजल्या. मग एक प्रार्थना म्हणू लागल्या आणि आम्ही त्यांच्या मागून अडखळत म्हणत गेलो. आमचे उच्चार दोनदा चुकले. त्यांनी दोन्ही वेळा हसून सुधारले.

संध्याकाळी कोर्लईच्या डोंगरावर थोडे चढलो. समोर खाडी आणि पलीकडे झाडांच्या गर्दीत बुडालेले ते शहर. मास्तर म्हणाले, "फादर, सकाळच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं."

आम्ही म्हणालो, "भिंती कोणाच्याही असोत, मास्तर. आमचे ते, जे जहाजावर चढले नाहीत."

वाचकहो, आमचे लिस्बन पाहणे बहुधा आता व्हायचे नाही आणि त्याची रुखरुखही उरली नाही. मात्र एक विनंती आहे. तुमच्या घरात, मग ते कोर्लईचे असो वा वसईचे, एखादी आजी अजून जुन्या वळणाची प्रार्थना म्हणत असेल, तर वही घेऊन तिच्यापाशी बसा. जशी म्हणेल तशी लिहून घ्या. तिचे व्याकरण मात्र सुधारू नका.