उचलून नेणं आणि पोचवणं

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून साधारण शंभर किलोमीटरवर, प्रशांत महासागरात, सॅन निकोलस नावाचं बेट आहे. वारा, वाळू, खुरटी झुडपं. १९३३पासून ते अमेरिकी नौदलाच्या ताब्यात आहे. २००९ साली या बेटावरची सगळी मोकाट मांजरं पकडायला सुरुवात झाली. ती विमानानं किनाऱ्यावर आणली गेली आणि सॅन दिएगोजवळच्या रमोना या गावी पोचवली गेली. पन्नासहून जास्त मांजरं होती.

'मांजरांसाठी एवढा खटाटोप?' हा प्रश्न मलाही पडला. पण वाचत गेले तशी दुसरीच गोष्ट हाताला लागली. या बेटावरून त्याआधीही एकदा सगळ्यांना उचलून नेलं होतं. तेव्हा ती माणसं होती.

बेटावर हजारो वर्षं लोक राहत होते. त्यांना आज निकोलेन्यो म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका रशियन कंपनीनं अलास्काकडचे शिकारी तिथं उतरवले. त्यांना हवी होती समुद्री पाणमांजराची कातडी, कारण ती सोन्याच्या भावानं विकली जायची. त्यातून झालेल्या हाणामारीत बेटावरचे बरेच लोक मारले गेले. उरलेल्या मोजक्या माणसांना १८३५ साली एका जहाजात घालून किनाऱ्यावर नेलं. एक बाई मागे राहिली. मुलासाठी तिनं पाण्यात उडी मारली अशी दंतकथा आहे. नक्की एवढंच, की जहाज गेलं आणि ती तिथंच राहिली. थोडीथोडकी नाही, तब्बल १८ वर्षं. एकटी.

१८५३ साली जॉर्ज निडेव्हर नावाच्या शिकाऱ्याला ती सापडली. देवमाशाच्या हाडांचा आडोसा केलेला, अंगावर पाणकावळ्याच्या पिसांचा पोशाख. ती हसतमुखानं त्यांच्याबरोबर निघाली. सांता बार्बरात लोकांनी तिला पाहायला गर्दी केली, खाऊ घातलं, भेटी दिल्या. पण तिची भाषा पुरती समजणारं कोणी मिळालं नाही. सात आठवड्यांत ती आमांशानं गेली. बाप्तिस्म्यात मिळालेलं 'हुआना मारिया' हे नाव तेवढं उरलं, तिचं खरं नाव कुठंच नोंदलेलं नाही. तिच्यावरून १९६० साली 'आयलंड ऑफ द ब्लू डॉल्फिन्स' ही कादंबरी आली. अमेरिकेत कित्येक मुलं ती शाळेत वाचतात.

तिला नेणारे लोक दुष्ट नव्हते. त्यांनी बोट आणली, ती शोधली, सुखरूप किनाऱ्याला आणली. पण आणल्यानंतर काय, याचा विचार कोणी केलेला नव्हता.

आता मांजरांकडे येऊ. माणसं गेल्यावर बेटावर मेंढ्या आल्या, मग नौदल आलं. या येण्याजाण्यात कुणीतरी मांजरंही आणली, आणि ती रानटी झाली. पाणकावळे आणि कुरव जमिनीवर घरटी करतात. मांजरांना तर पंगतच मांडलेली. शिवाय या भागातल्या मोजक्याच बेटांवर आढळणारा एक सरडा त्यांच्या तोंडी पडत होता. आणि मांजराएवढ्याच आकाराचा बेटावरचा कोल्हा, ज्याची ही उपजात जगात दुसरीकडे कुठंच नाही, त्याच्या खाण्यात वाटेकरी आले होते.

मांजरं हलवायला पैसा कुठून आला, तेही ऐकण्यासारखं आहे. लॉस एंजेलिसजवळच्या मॉन्ट्रोज कंपनीच्या कारखान्यातलं डीडीटी वर्षानुवर्षं गटारांतून समुद्रात जात होतं. त्यामुळे पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ झाली, पिल्लं जन्मेनाशी झाली. पुढे कोर्टकचेरी झाली आणि भरपाईच्या रकमेतला काही भाग समुद्री पक्ष्यांसाठी ठेवला गेला. त्या पैशातून ही मोहीम निघाली. म्हणजे डीडीटी सोडलं माणसांनी, मांजरं आणली माणसांनी, आणि जागा सोडायची वेळ आली मांजरांवर.

अशा वेळी जगभरची रीत होती मारून टाकायची. दक्षिण आफ्रिकेच्या मॅरियन बेटावर १९४९ साली उंदरांसाठी पाच मांजरं नेली. १९७७पर्यंत त्यांची सुमारे ३४०० झाली, आणि ती दर वर्षी लाखो पक्षी फस्त करत होती. मग मुद्दाम मांजरांच्या रोगाचा विषाणू सोडला गेला. उरलेली बंदुका, सापळे आणि विष वापरून संपवली. १९९१ साली शेवटचं मांजर मेलं. पक्ष्यांच्या बाजूनं पाहिलं तर हे करणं भाग होतं, हे मी नाकारत नाही.

सॅन निकोलसच्या मूळ प्रस्तावातही मारणं होतंच. पण एका प्राणी-कल्याण संस्थेनं सांगितलं, मांजरं आम्हाला द्या, आम्ही सांभाळतो. मग कामाची पद्धत बदलली. सापळ्यांना आतून मऊ गादी लावली. त्याच सापळ्यात कोल्हेही अडकणार होते, म्हणून सापळा मिटला की संदेश जाईल अशी यंत्रणा बसवली आणि बेटावरच जनावरांच्या डॉक्टरांची सोय केली. रमोनाला मांजरांसाठी कुंपण घातलेली कायमची जागा केली. २०१२ साली बेट मांजरमुक्त झाल्याचं जाहीर झालं.

त्या बाईची आणि मांजरांची मी तुलना करत नाहीये. तुलना आहे ती नेणाऱ्यांची. १८५३ साली निघण्याची तयारी होती, २००९ साली पोचल्यानंतरचीही होती.

आपल्याकडे मांजर 'सोडून येणं' हा शब्दप्रयोग घरोघरी आहे. पोत्यात घालायचं, नदीपलीकडे किंवा मंडईत सोडायचं, आणि ते चार दिवसांनी परत दारात हजर झालं की हसायचं. जी परत येत नाहीत त्यांचा विषय कोणी काढत नाही. कुत्रं माणसाचं आणि मांजर घराचं, असं आजी म्हणायची. त्यात बरंच तथ्य आहे. अनोळखी जागी सोडलेलं मांजर आधी जुन्या जागेच्या शोधात निघतं, आणि वाटेत रस्ते असतात, कुत्री असतात.

गेल्या वर्षी आमच्या ओळखीची एक जुनी बिल्डिंग पुनर्विकासाला गेली. माणसांना भाडं मिळालं. जिन्याखालची चार मांजरं राहिली. नसबंदी करून तिथंच सोडायची म्हटलं, तर 'तिथं' म्हणून काही उरणारच नव्हतं. शेवटी एका मैत्रिणीबरोबर मी त्यांना ठाण्याहून संगमनेरजवळच्या एका शेतावर नेलं. पिंजऱ्यांवर चादरी टाकल्या, एसी बंद ठेवला, कसारा घाटात चौघांनी मिळून भजन लावलं. पण खरं काम गाडी थांबल्यावर सुरू झालं. शेतावरच्या काकांनी ती चार आठवडे गोठ्याशेजारच्या जाळीच्या खोलीत ठेवली. रोज ठरल्या वेळी हाक मारून खाणं. आजूबाजूचा वास आणि आवाज ओळखीचे झाल्यावरच दार उघडलं. तीन टिकली. एक दुसऱ्या रात्री गेलं ते परत आलं नाही. काकांनी आठवडाभर बांधावर वाटी ठेवली होती.

म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर 'मांजरं लांब सोडून या ना' असा मेसेज आला, की मी दोन प्रश्न टाकते. तिथं कोण आहे? आणि पहिला महिनाभर रोज खायला कोण घालणार? उत्तर नसेल तर गाडी काढायची नाही.