घरी शिकलेल्या मुलांची दहावी : मार्ग आणि कागदपत्रे

घरीच शिकवलेल्या मुलाला दहावीला बसता येते का, असे पालक आम्हाला विचारतात. बसता येते.

राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षा देता येते. मात्र त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. जे मूल कधी शाळेतच गेले नाही, ते इथेच अडते.

अशा मुलांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था (एनआयओएस) हा सोयीचा मार्ग आहे. वय १४ वर्षे पूर्ण हवे. शाळेचा दाखला नसल्यास स्वयंघोषणापत्र चालते. किमान पाच विषय घ्यायचे, त्यांत एक तरी भाषा हवी. मराठी माध्यम उपलब्ध आहे. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशी वर्षातून दोनदा होते. नोंदणी पाच वर्षे टिकते आणि नऊ संधी मिळतात, त्यामुळे एकेक विषय सोडवता येतो.

खरी अडचण पुढे, जातीच्या दाखल्याच्या वेळी येते. १९९० साली बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, पण जातीचा पुरावा अर्जदारालाच द्यावा लागतो. इतरांकडे निदान शाळेच्या रजिस्टरची नोंद असते. घरी शिकलेल्या मुलाकडे तीही नसते. म्हणून वडील, आजोबा, काका, आत्या यांचे शाळेचे दाखले आणि १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा आधीच जमवा. जन्मदाखला, आधार आणि परीक्षेचा अर्ज यांवर नाव एकसारखेच ठेवा.

ही कामे अकरावीच्या प्रवेशावर ढकलू नका. वस्तीतल्या शिकलेल्या तरुणांनी अशा एकेका घराची फाईल तरी लावून द्यावी.