नार्वेच्या वाटेने जुने गोवे

ज्याने गोवा पाहिला त्याला लिस्बन पाहण्याचे कारण नाही, अशी एक जुनी पोर्तुगीज म्हण आहे. ती ज्या राजधानीविषयी रूढ झाली ते जुने गोवे आज एका दिवसात पाहून होते. बहुतेक प्रवासी पणजीहून येतात आणि दोन चर्च पाहून परततात. आपण डिचोली-पेडण्याची मंडळी उत्तरेकडूनही जाऊ शकतो. ग्रंथालयाच्या सभासदांनी तरी त्याच वाटेने जावे, असे मला वाटते. कारण या नगरीचे ग्रंथांशी असलेले नाते त्या वाटेवर क्रमाने उलगडत जाते.

सकाळी प्रथम नार्वे येथे श्रीसप्तकोटेश्वराचे दर्शन घ्यावे. कदंब राजांचे हे आराध्यदैवत मूळचे समोरच्या दिवाडी बेटावरील. सोळाव्या शतकात तेथील देवालय उद्ध्वस्त झाले आणि देव नदी ओलांडून डिचोली महालात आला. इ. स. १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी येथील मंदिराचा जीर्णोद्धार करविला. अगदी अलीकडे, २०२३ मध्ये, शासनाने हाती घेतलेले त्याचे जतनकार्य पूर्ण झाले.

नार्वेहून फेरीबोटीने दिवाडीवर उतरले की एक फारशी परिचित नसलेली हकीकत आठवते. इ. स. १५५९ च्या सुमाराच्या जेझुइट पत्रव्यवहारात ती नोंदलेली आहे. दिवाडीतील एका नवख्रिस्ती गृहस्थाला मुख्य भूमीवरील एका विद्वान ब्राह्मणाच्या मराठी पोथ्यांची माहिती होती. व्यासांच्या ग्रंथांचे मराठी रूपांतर करण्यात त्या ब्राह्मणाने अनेक वर्षे वेचली होती. गव्हर्नरच्या संमतीने त्या घरावर छापा घालून पोथ्या गोव्यात आणल्या गेल्या. हिंदूंशी वाद घालताना त्यांतील मजकूर उपयोगी पडावा, हा हेतू. रामायण-महाभारतातील कथांची रोमन लिपीत लिहिलेली त्या काळातील मराठी-कोकणी हस्तलिखिते आज पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात आहेत. आपल्या परिसरातील एका वाचकाचा ग्रंथसंग्रह असा लुटला गेला, हे शताब्दीच्या आनंदातही विसरू नये.

दिवाडीहून दुसरी फेरीबोट जुन्या गोव्याच्या धक्क्याला लागते. समोरच विजरईची कमान आहे. वास्को द गामाच्या सफरीला शंभर वर्षे झाली त्या सुमारास, विजरई असलेल्या त्याच्याच पणतूने ती उभारली. मूळ कमान कोसळल्यावर १९५४ मध्ये तिची पुनर्बांधणी झाली. पुढे आदिलशहाच्या वाड्याचे म्हणून दाखविले जाणारे काळ्या दगडाचे दार दिसते. त्यावरील नक्षी मात्र देवळाची आठवण करून देते.

से कॅथेड्रलचे बांधकाम १५६२ मध्ये सुरू झाले. त्याच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये पडला. उरलेल्या मनोऱ्यात 'सोन्याची घंटा' आहे. इन्क्विझिशनचा वाडा जवळच्याच चौकात होता. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षे वगळता, त्या न्यायासनाचा धाक गोव्यावर होता. समोरच्या बॉम जीझस बॅसिलिकात सांव फ्रान्सिस झेवियर यांचे शव आहे, आणि तेथे श्रद्धेने येणाऱ्यांत हिंदूही असतात. टेकडीवर सेंट ऑगस्टीनच्या भग्न मनोऱ्याची सुमारे ४६ मीटर उंचीची भिंत उभी आहे.

दिवसाचा शेवट फोंड्याच्या वाटेवरील सेंट पॉल कॉलेजच्या एकाकी कमानीपाशी करावा. माझ्या विद्यार्थ्यांना मी येथे घेऊन येतो तेव्हा ते विचारतात, "सर, येथे पाहायचे काय?" १५५६ मध्ये भारतातील पहिला छापखाना या कॉलेजात सुरू झाला. तो मुळात ॲबिसिनियासाठी निघालेला होता. छपाई गोव्यात अवतरल्यानंतर साठ वर्षांनी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध मराठी 'क्रिस्तपुराण' साष्टीतील रायतूर येथे छापले गेले. एका इंग्रज धर्मोपदेशकाने आपल्या भाषेची थोरवी ओळखून ती तोंडभरून गायिली, ही नोंद कृतज्ञतेने करावयास हवी. परंतु लिपी रोमन होती आणि छपाईचे प्रयोजन धर्मप्रसाराचे होते. १६८४ मध्ये तर तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूमच निघाला. सत्तेच्या हाती छापखाना होता. त्यातून स्वतंत्र वाचक घडावा, अशी तिची इच्छा नव्हती.

ती राजधानी पुढे साथींनी पोखरली. १८३५ मध्ये मठ बंद झाले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. डिचोली व पेडणे हे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज अमलाखाली आले. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. त्यामुळे नव्या काबिजादीतील देवळांतून आणि घरांतून पोथीवाचन अखंड राहिले. १९१० च्या पोर्तुगीज प्रजासत्ताकाने थोडी मोकळीक देताच त्या वाचनपरंपरेतून गोव्यात शाळा, नियतकालिके आणि ग्रंथालये उभी राहू लागली.

सायंकाळी त्याच दोन फेरीबोटींनी परतावे. एके काळी ज्या मुलखातून पोथ्या नदीपलीकडे नेल्या गेल्या, त्या मुलखात आपण शंभर वर्षे मराठी पुस्तके जमवीत, बांधीत आणि घरोघरी पोहोचवीत आहोत. ही पुस्तके कोणी हिरावून नेणार नाही. न वाचल्यानेच ती आपण गमावू शकतो, एवढी जाणीव प्रत्येक सभासदाने मनात बाळगावी.