काचेतल्या खडकाची कुळकथा

टेलस्पॉट ब्लेनी हा उणापुरा सहा सेंटिमीटरांचा मासा. अंग पुढून राखाडी, मागे जाता जाता नारिंगी होत गेलेलं, शेपटीच्या मुळाशी एक काळा ठिपका आणि डोळ्यांभोवती पिवळी किनार. अंगावर खवले नाहीत. पोहण्याची त्याला फारशी हौस नाही. खडकातल्या एखाद्या भोकात शेपटीकडून शिरायचं, तोंड तेवढं बाहेर ठेवायचं आणि दोन डोळे दोन दिशांना फिरवत बसायचं, हा त्याचा दिनक्रम. मध्येच तो बाहेर येतो, काचेवर धरलेल्या शेवाळाच्या पातळ थराला तोंड लावतो आणि पुन्हा भोकात जातो. त्याचे दात कंगव्याच्या दात्यांसारखे बारीक आणि एका ओळीत असतात. जिथे तो चरतो तिथे शेवाळ खरवडलं जाऊन काचेवर ओठांच्या आकाराचे छोटे ठसे उमटतात. ते ठसे दिसले की मासा नीट खातोय, हे कळतं.

फिलिपिन्स-इंडोनेशियाकडचे प्रवाळखडक हे या माशाचं घर. 1952 साली हेन्री फाउलर या अमेरिकी अभ्यासकाने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. त्याच्याच कुळातल्या दोनरंगी ब्लेनीचं वर्णन त्याआधी, 1888 मध्ये, फ्रान्सिस डे यांनी केलं होतं. भारतातल्या माशांवरचा पायाभूत ग्रंथ लिहिणारे, मद्रासच्या लष्करी सेवेत डॉक्टर असलेले डे ते हेच. म्हणजे नाव-गाव लागून या माशांना बराच काळ लोटला. पण घरातल्या काचेच्या टाकीत ते जगू लागले ते फार उशिरा. असं का झालं, हे समजून घ्यायचं तर मासा बाजूला ठेवून तो ज्या खडकावर चरतो त्या खडकाची गोष्ट सांगावी लागते.

समुद्राचं पाणी काचेत कोंडून त्यात जीव पाळण्याचा पद्धतशीर प्रयोग 1832 साली सिसिलीतल्या मेसिना बंदरात झाला. झान व्हिलप्रो-पॉवर या फ्रेंच बाईंना आर्गोनॉट नावाच्या छोट्या ऑक्टोपसचा शिंपला तो स्वतः घडवतो की दुसऱ्याचा बळकावतो, हे ठरवायचं होतं. त्यासाठी त्यांनी काचेच्या टाक्या बनवून घेतल्या आणि तो स्वतःच घडवतो हे सिद्ध केलं. मात्र त्यांच्या दारात समुद्र होता, ताजं पाणी हवं तेव्हा मिळत होतं.

समुद्रापासून दूर, लंडनसारख्या धुरकट शहरात समुद्र जगवून दाखवला तो ॲना थिन यांनी. या कुळकथेतलं पहिलं मानाचं पान मी त्यांना देतो. 1846 साली टॉर्कीच्या किनाऱ्यावर त्यांना मॅड्रेपोर जातीचे जिवंत प्रवाळ सापडले. वाटेत हेलकाव्यांनी ते आपटू नयेत म्हणून त्यांनी ते सुईदोऱ्याने एका मोठ्या स्पंजला टाचले आणि बरणीत घालून लंडनला आणले. पाणी साचून राहिलं की त्यातला प्राणवायू संपतो आणि जीव गुदमरतात. म्हणून उघड्या खिडकीशी उभं राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात ओतत राहायचं, असा क्रम त्यांनी लावला. हे काम घरातली मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास करत असे. तिचं नाव इतिहासात राहिलेलं नाही, पण आजच्या प्रत्येक टाकीतला एअर पंप तिचंच काम करतो. पुढे 1847 मध्ये थिनबाईंनी पाण्यात समुद्री शेवाळं आणून सोडली आणि ओतण्याची गरज कमी झाली. वनस्पती, प्राणी आणि पाणी यांचा समतोल त्यांनी शास्त्रज्ञांच्या आधी हातांनी साधला.

तीन वर्षांनी, 1850 मध्ये, रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने तोच समतोल गोड्या पाण्यात मांडून प्रसिद्ध केला. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकाने सगळ्या इंग्लंडला या छंदाचं वेड लावलं. काचेवरचा कर 1845 मध्येच उठल्यामुळे टाक्या मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या होत्या. गॉस यांनी चार क्षार गोड्या पाण्यात विरघळवून कृत्रिम समुद्राचं पाणी करण्याची कृतीही दिली. समुद्रापासून मैलोन् मैल लांब राहणाऱ्यांसाठी ती फार मोठी सोय होती.

या वेडाची किंमत किनाऱ्याने मोजली. डेव्हनच्या खडकांतली ओहोटीची डबकी लोकांनी हातोड्या-छिन्न्या घेऊन उपसली. गॉस यांचा मुलगा एडमंड याने 1907 साली आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्या उजाड झालेल्या डबक्यांबद्दल कळवळून लिहिलं आहे. ज्या माणसाने ते सौंदर्य लोकांना दाखवलं, त्याच्याच पुस्तकाने ते संपवायला हातभार लावला, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत दुःखद प्रकरण वाटतं.

पुढची अनेक दशकं मोठ्या सार्वजनिक मत्स्यालयांची. आपल्याकडे 1951 साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं आणि किनाऱ्यापासून लांबच्या कितीतरी मराठी मुलांनी समुद्रातला रंगीत मासा जिवंत पाहिला तो तिथेच.

घरगुती टाक्या मात्र या काळात वाट चुकल्या. विसाव्या शतकाच्या मध्यावर युरोप-अमेरिकेत खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे पांढरीशुभ्र, निर्जंतुक पेटी होती. प्रवाळांचे सांगाडे ब्लीचने धुऊन आत मांडायचे, शेवाळ दिसलं की पुन्हा काढून घासायचे. समुद्र म्हणजे स्वच्छता, अशी समजूत. अशा टाकीत शेवाळावर जगणाऱ्या ब्लेनीला खायला काय मिळणार? वरून टाकलेल्या खाद्यावर तो काही दिवस काढतो, पोट आत जातं आणि मासा उपासमारीने मरतो.

ही वाट सुधारली जकार्तातल्या ली चिन एंग या हौशी माणसाने. 1961 साली एका अमेरिकी मासिकात त्यांनी आपली पद्धत लिहिली. समुद्रातून आणलेला, जिवंत जिवांनी भरलेला प्रवाळखडकाचा तुकडा, समुद्राचं पाणी, भरपूर उजेड आणि हवेचे बुडबुडे. फिल्टर नाही, घासणं नाही. त्यांच्या टाक्यांत मासेच काय, प्रवाळही जगत होते. थंड हवामानातल्या, किनाऱ्यापासून दूरच्या लोकांना ही पद्धत तशीच्या तशी जमेना. पण जर्मनीत त्याच दशकात स्किमर तयार झाला होता. बारीक बुडबुड्यांच्या फेसावर पाण्यातली घाण चिकटवून ती बाहेर काढणारं हे साधं यंत्र. 1964 पासून अमेरिकेत तयार मिठाचं मिश्रण विकत मिळू लागलं. जिवंत खडक, स्किमर आणि प्रखर दिवे यांची सांगड पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी घातली, आणि आजही ती बर्लिन पद्धत म्हणूनच ओळखली जाते.

खडकात नेमकं घडतं काय? माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो, तो विषारी. खडकाच्या पृष्ठभागावरचे बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. सच्छिद्र खडकाच्या आत, जिथे प्राणवायू पोहोचत नाही, तिथले बॅक्टेरिया त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. वरच्या उजेडात शेवाळ वाढतं, आणि ते ब्लेनी खातो. जो खडक पाणी शुद्ध करतो, तोच जेवण पुरवतो आणि राहायला भोकही देतो. ब्लीचने धुतलेल्या सांगाड्याकडे यातलं फक्त भोक होतं.

आता आपल्याकडचं. 2001 पासून भारतात खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. मालवणच्या समुद्रातून, तिथल्या सागरी अभयारण्यातून किंवा कुठूनही प्रवाळाचा तुकडा उचलणं हा गुन्हा आहे, मग तो जिवंत असो की मेलेला. हा निर्बंध मला अगदी योग्य वाटतो. डेव्हनचं जे झालं ते सिंधुदुर्गाचं व्हायला नको. इथल्या हौशी माणसाने सिरॅमिकचा सच्छिद्र खडक घ्यावा आणि त्यात बॅक्टेरिया रुजू द्यावेत. वेळ लागतो. आधी तपकिरी थर येतो, मग हिरवं शेवाळ धरतं, तोवर काही महिने जातात.

म्हणून ज्यांना ब्लेनी पाळायचा आहे त्यांना एवढंच सांगणं: नव्याकोऱ्या टाकीत हा मासा सोडू नका. खडक हिरवा होईपर्यंत थांबा. दुकानदाराला तुमच्यासमोर माशाला खायला घालायला सांगा, आणि त्याचं पोट आत गेलेलं असेल तर तो घेऊ नका. प्रजनन केंद्रात वाढलेला मिळत असेल तर चार पैसे जास्त देऊन तोच घ्या. टाकीवर झाकण ठेवा, कारण ब्लेनी उडी मारतो. आणि समोरची काच पुसा, पण बाजूची एक काच त्याच्यासाठी तशीच राहू द्या.