कापूस पिकला, पेव रिकामं राहिलं

आज बोलायचंय खानदेशाबद्दल. १९०६ पर्यंत हा एकच जिल्हा होता, मग त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पुढे तेच जळगाव आणि धुळे. प्रश्न साधा आहे: जमीन जास्त उत्पन्न देऊ लागली म्हणजे घरात भाकरी वाढते का?

आधी साक्री भागात जाऊ. पांझरेच्या काठी जुने बंधारे आहेत, आणि त्यांच्यावर चालणारी फड पद्धत. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे, म्हणजे फड. एका फडात सगळ्यांचं पीक एकच: यंदा ऊस, तर पुढे धान्य. गंमत अशी, की बहुतेक कुटुंबांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असायची. नदीला पाणी कमी असलं की गाव बसून ठरवायचं, यंदा अमुक फड भिजवायचा नाही. झळ मग सगळ्यांनाच थोडी थोडी बसायची. पाटावर देखरेखीला पाटकरी असे, आणि त्याचा मोबदला शेतकरीच देत. मला ही व्यवस्था फार शहाणी वाटते. उत्पन्नाचा उच्चांक तिनं गाठला नसेल, पण वाईट वर्षाचा विचार तिच्यात आधीच केलेला होता.

पण अशी बागायत थोडी. बाकी सगळा मुलूख कोरडवाहू.

तिथं १८६० च्या दशकात मोठी उलथापालथ झाली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं (१८६१ ते १८६५), मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, इकडं भाव कडाडले. त्याच दशकात रेल्वे चाळीसगाव, भुसावळपर्यंत आली. युद्ध संपल्यावर भाव कोसळले, पण कापूस काही शेतातून गेला नाही. का जाईल? सारा रोख भरायचा, सावकाराचं व्याज रोख, आणि रोख देणारं पीक कापूस. दादर आणि बाजरी पेवात साठवता येतात. कापूस कोण खाणार?

आता १८९९. विक्रम संवत १९५६, म्हणून लोक त्याला छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात. १८९६-९७ चा दुष्काळ नुकताच सरलेला, त्यावर हा. पाऊस गेला, चारा गेला, गुरं मेली. आणि बैल मेला की पुढच्या पावसाळ्यात नांगर कोण ओढणार? रेल्वेनं धान्य आणता येत होतं. पण ते विकत घ्यायला मजुराकडे पैसा नव्हता, कारण शेतात कामच नव्हतं. सालदार, शेतमजूर, पश्चिमेकडचे भिल्ल यांना दुष्काळी कामांवर खडी फोडून पोट भरावं लागलं.

अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये बंगालच्या १९४३ च्या दुष्काळावरून हेच मांडलं: धान्य असूनही माणूस उपाशी राहतो, कारण ते मिळवण्याचा मार्ग त्याच्या हाती नसतो. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात कामाची मागणी जोरात झाली, आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा संमत झाला. म्हणजे उत्तर निघालं ते बियाण्यातून नाही, मजुरीतून.

आज जळगावची केळी देशभर जाते, ठिबकवर उत्तम पिकते. केळी उत्पादकाच्या घरीही ज्वारी आता बरेचदा बाजारातून येते. कळण्याची भाकरी तुमच्या घरात कशाची होते, शेतातल्या ज्वारीची की दुकानातल्या, हे सांगा. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.