खानापूर-आटपाडीचे गलाईवाले : एका स्थलांतराचीं साधनें

इंग्लंडांतील कॉर्नवॉल प्रांताचा खाणकामगार आणि आमच्या सातारा-सांगलीकडील गलाईवाला यांची गांठ घालून देणें कांहीं वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु दोघांनींहि सोन्याच्या कामाकरितां जन्मभूमि सोडली, आणि दोघांसहि लोभापेक्षां पोटाच्या चिंतेनेंच घराबाहेर काढलें. 1866 च्या सुमारास तांब्याचा भाव कोसळून कॉर्नवॉलच्या खाणी एकामागून एक बंद पडूं लागल्या. तेव्हां तेथील माणसें ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका येथें, आणि 1880 नंतर जॉन टेलर कंपनीच्या चाकरींत म्हैसुरांतील कोलारपर्यंत पसरलीं. त्यांचा इतिहास लिहितां येतो, कारण कंपन्यांचे अहवाल व थडग्यांवरील लेख मागें राहिले आहेत. गलाईवाल्यामागें कंपनी नव्हती. त्याच्या इतिहासाचीं साधनें कोठें शोधावीं, इतकेंच येथें सांगण्याचा आमचा हेतु आहे.

खानापूर, आटपाडी, खटाव व माण हा मुलूख पर्जन्यछायेंतील. सह्याद्रीच्या माथ्यावर मुसळधार कोसळणारा पाऊस पूर्वेकडे येतां येतां सरतो. येरळा व माण या नद्यांचीं पात्रें वर्षांतील बहुतेक काळ कोरडीं असावयाचीं. 1876-77, 1896-97, 1899-1900 आणि पुढें 1972 हे दुष्काळ या मुलखानें सोसले. अशा भूमींतील शेतकऱ्याच्या मुलानें मूस व भट्टी जवळ केली, यांत नवल नाहीं. विटें व त्याच्या आसपासच्या खेड्यांतील हीं माणसें आज पंजाब, बंगाल, तामिळनाडू, केरळ अशा दूरदूरच्या प्रांतांतील सराफकट्ट्यांत आढळतात.

'गलाई' या शब्दाचें मूळ स्पष्ट आहे. 'गल्' या धातूच्या प्रयोजक रूपाचा अर्थच वितळविणें, गाळणें असा होतो. कामाची रीत अशी. मोडीस आलेल्या दागिन्यांत तांबें, रुपें व डाग मिसळलेला असतो. गलाईवाला तो मुशींत आटवून त्यांत आणखी रुपें घालतो, तें इतकें कीं सोन्याचा वांटा सुमारें चौथाई उरावा. सोनें याहून फार अधिक राहिलें तर त्याच्या आवरणामुळें तेजाब आंत शिरत नाहीं. मग त्या रसाचे कण किंवा पातळ पत्रे करून ते शोऱ्याच्या तेजाबांत उकळतात. रुपें व तांबें विरघळून जातें आणि सोनें तपकिरी भुकटीच्या रूपानें तळाशीं राहतें. तें धुऊन पुन्हां आटविलें कीं शुद्ध सोनें हातीं येतें. उरलेल्या द्रवांत तांब्याचा पत्रा बुडविला असतां रुपेंहि परत मिळतें. सोनाराच्या दुकानांतील केर व राखसुद्धां वायां जात नाहीं. मात्र या उकळण्यांत जो तांबूस धूर निघतो, तो अरुंद खोलींत वर्षानुवर्षें श्वासावाटे घेणाऱ्याची छाती निरोगी राहणें कठीण. खाणींतील धुळीनें कॉर्नवॉलच्या माणसाचें जें केलें, तेंच या धुरानें आमच्या माणसाचें केलें.

कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत सुवर्णाध्यक्षाचें प्रकरण लिहिलें असून हीण सोनें चौपट शिसें घालून शोधावें असें तेथें सांगितलें आहे. अबुल फजलनें ऐन-इ-अकबरींत राख व केर धुऊन धातु काढणाऱ्या नियाऱ्याची नोंद केली आहे. त्याच कामास मराठींत झारेकरी हा शब्द आहे. एवढ्यावरून आमच्या गलाईवाल्याची परंपरा थेट मौर्यकाळाशीं जोडण्याचा मोह कोणास होईल. आम्हांस तो मान्य नाहीं. शिशानें तांब्यासारखे हीण धातु जातात, रुपें सोन्यांतच राहतें. तें वेगळें काढण्याचें काम तेजाबाचें. क्रिया निराळी असतां केवळ उद्देश एक म्हणून परंपरा एक ठरत नाहीं.

अलीकडील काळांतील मोठा आघात म्हणजे सुवर्णनियंत्रण. 1963 च्या जानेवारींत 14 कॅरटांहून अधिक कसाचे दागिने घडविण्यास बंदी झाली. ती 1966 सालीं उठली, तरी 1968 च्या कायद्यानें परवान्यांचा जाच चालूच राहिला. तो कायदा 1990 सालीं रद्द झाला. या सत्तावीस वर्षांचीं पत्रें व परवाने ज्यांच्या घरीं असतील, त्यांनीं ते रद्दी समजूं नयेत.

शोधकानें आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. खानापूर तालुका पूर्वीं सातारा जिल्ह्यांत होता. 1949 सालीं दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला व 1960 सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. आटपाडी तर 1948 पर्यंत औंध संस्थानांत होती. तेव्हां शेजारच्या दोन गांवांतील सोयऱ्यांपैकीं एकाची नोंद साताऱ्याच्या दप्तरांत आणि दुसऱ्याची औंधाच्या कागदांत पहावी लागेल. जुन्या दप्तरांत सांगली जिल्हा शोधणारा रित्या हातानें परतेल.

शेवटीं आमच्या शिक्षकीच्या अनुभवांतील एक साधन सांगतों. शाळेच्या जनरल रजिस्टरांत शाळा सोडल्याचें कारण लिहिण्याचा रकाना असतो. तेथें 'परगांवीं गेला' हे दोन शब्द आम्हीं स्वतःच्या हातानें कितीदां लिहिले, याची गणती नाहीं. त्या वेळीं तें काम आम्हांस कारकुनी वाटे. आज वाटतें कीं, कोणत्या सालीं, कोणत्या गांवचीं व कोणत्या वयाचीं मुलें गेलीं, हें सांगणारा इतका नेमका कागद दुसरा नाहीं. मात्र आम्हीं गांवाचें नांव पुसून तें रकान्यांत लिहिलें असतें तर बरें झालें असतें. ती चूक आमची आहे. रजिस्टरें वाळवीच्या स्वाधीन होण्यापूर्वीं त्यांच्या नकला व्हाव्यात. त्यांस गलाई दुकानांच्या वह्या, मनिऑर्डरीच्या पावत्या आणि गांवच्या देवळांतील देणगीदारांच्या पाट्या जोडाव्यात. पेशव्यांच्या दप्तरांतील एका चिटोऱ्यासाठीं आपण कोसच्या कोस चालतों. या वह्यांसाठीं विट्यापर्यंत जाण्यास हरकत नसावी.