आभासी संगणक, एक्स८६ प्रक्रियकांवरील

एका प्रत्यक्ष संगणकावर नियंत्रक कार्यक्रमाच्या साहाय्याने उभा केलेला आणि त्यात चालणाऱ्या कार्यक्रमांना स्वतंत्र संगणकच भासणारा संगणक. यालाच व्हर्च्युअल मशीन असेही म्हणतात. असे अनेक संगणक एकाच यंत्रावर एकाच वेळी चालविता येतात व प्रत्येकात वेगळी परिचालन प्रणाली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम असू शकते. तिला अतिथी प्रणाली म्हणतात. नियंत्रक कार्यक्रम हायपरव्हायझर या नावाने ओळखला जातो. इंटेल कंपनीच्या ८०८६ या प्रक्रियकापासून (१९७८) सुरू झालेल्या एक्स८६ कुलात २००५ पर्यंत परिचालन प्रणालीसह संपूर्ण आभासी संगणक चालविण्याची खास सोय नव्हती. तरीही १९९९ पासून या प्रक्रियकांवर असे संगणक चालू लागले. सोयीच्या अभावी हे कसे साधले आणि पुढे जुन्या सर्व्हरांचा हा मार्ग कसा बंद होत गेला, हा संगणकशास्त्राच्या इतिहासातील एक उद्‌बोधक भाग आहे.

ही कल्पना एक्स८६ कुलाहून जुनी आहे. आयबीएम कंपनीच्या केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथील विज्ञान केंद्रात रॉबर्ट क्रीझी व लेस कोमो यांच्या प्रयत्नांतून सीपी-४० ही प्रणाली जानेवारी १९६७ मध्ये चालू झाली. तिच्यासाठी सिस्टिम/३६० मालिकेतील मॉडेल ४० या संगणकात स्मृतिपत्त्यांचे रूपांतर करणारी जादा जुळणी मुद्दाम बसविण्यात आली होती. म्हणजे पहिल्या आभासी संगणकांनाही यंत्राचे साहाय्य होतेच. पुढे सीपी-६७ आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० या प्रणाली आल्या. या यंत्रांत अतिथी प्रणालीने विशेषाधिकारी आज्ञा दिली, की प्रक्रियक ती अडवून ताबा नियंत्रक कार्यक्रमाकडे देई. तो त्या आज्ञेचा परिणाम आभासी संगणकापुरता घडवून आणी व काम पुढे चालू होई. या व्यवहाराचे सैद्धांतिक विवेचन जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये केले. यंत्राची स्थिती बदलणाऱ्या अथवा उघड करणाऱ्या सर्व संवेदनशील आज्ञा विशेषाधिकारीही असतील, तर त्या यंत्रासाठी असा नियंत्रक रचता येतो, असा त्यांचा सिद्धांत आहे. ही अट पुरेशी आहे. ती आवश्यक असल्याचे त्यांनी म्हटलेले नाही. या भेदाकडे पुढे दुर्लक्ष झाले आणि ती न पाळणाऱ्या एक्स८६ प्रक्रियकाचे आभासीकरण व्यवहारात शक्य नाही, असा समज रूढ झाला.

एक्स८६ मधील दोष विलक्षण होता. या प्रक्रियकात ० ते ३ अशी अधिकारांची चार वलये असून परिचालन प्रणाली ० या वलयात व सामान्य कार्यक्रम ३ या वलयात चालतात. अतिथी प्रणालीला कमी अधिकाराच्या वलयात ढकलले, तर तिच्या विशेषाधिकारी आज्ञा अडविल्या जाव्यात, अशी अपेक्षा असते. परंतु काही आज्ञा अडविल्या जात नाहीत व त्यांचे खरे कामही होत नाही. ‘पॉपएफ’ ही आज्ञा याचे नेहमीचे उदाहरण होय. परिचालन प्रणाली तिच्या साहाय्याने बाह्य व्यत्यय स्वीकारणे चालू किंवा बंद करते. पुरेसा अधिकार नसताना ही आज्ञा दिल्यास प्रक्रियक कोणतीही तक्रार न करता तेवढा बदल गाळतो. व्यत्यय बंद झाले असे समजून अतिथी प्रणाली पुढे जाते आणि नियंत्रकाला काही घडल्याचा पत्ताही लागत नाही. जॉन रॉबिन व सिंथिया अर्व्हाइन यांनी २००० मध्ये पेंटियम प्रक्रियकातील अशा १७ आज्ञा नोंदविल्या. ८०३८६ या प्रक्रियकात (१९८५) जुन्या ८०८६ साठी लिहिलेले कार्यक्रम आभासी रीतीने चालविण्याची सोय होती. पूर्वजाची सोय पाहणाऱ्या या प्रक्रियकात स्वतःच्या प्रतिकृतीची सोय मात्र केलेली नव्हती.

प्रत्येक आज्ञेचे कार्यक्रमाद्वारे अनुकरण करणे हा एक उपाय होता. पण तो अतिशय मंद ठरे. स्टॅनफर्ड विद्यापीठात डिस्को या नियंत्रकावर (१९९७) काम केलेले मेंडेल रोझेनब्लम व एदुआर ब्युन्यों, तसेच डायान ग्रीन व इतर दोघे यांनी १९९८ मध्ये व्हीएमवेअर ही कंपनी स्थापन केली. १९९९ मध्ये तिचे वर्कस्टेशन हे उत्पादन व २००१ मध्ये सर्व्हरांसाठी ईएसएक्स हा नियंत्रक बाजारात आला. त्यांनी द्विमान भाषांतराचा मार्ग अवलंबिला. अतिथी प्रणालीतील सामान्य कार्यक्रम प्रक्रियकावर थेट चालू द्यावयाचे आणि केवळ गाभ्यातील आज्ञा, त्या अंमलात येण्याच्या वेळी, लहान लहान तुकड्यांनी वाचून त्यांचे निर्धोक आज्ञांत रूपांतर करावयाचे, अशी ही पद्धत आहे. बहुतेक आज्ञा जशाच्या तशा उतरतात. पॉपएफसारख्यांच्या जागी आभासी संगणकाची स्थिती बदलणारे छोटे आज्ञाक्रम येतात. एकदा रूपांतरित केलेला तुकडा साठवून ठेवीत असल्याने पुन्हा तेच श्रम पडत नाहीत. स्मृतीच्या बाबतीत अतिथी प्रणालीच्या पृष्ठतक्त्यांवरून नियंत्रक स्वतःचे छायातक्ते तयार करी व प्रक्रियकाला तेच दाखवी. नियंत्रकाचा स्वतःचा स्मृतिभाग अतिथीपासून राखण्यासाठी, तोवर कालबाह्य मानली जाणारी एक्स८६ मधील स्मृतिखंडांची मर्यादा उपयोगी पडली. या कुलातील एका त्रुटीवर त्यातीलच दुसऱ्या, अडगळीत पडलेल्या सोयीने अंशतः मात केली.

इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात वेगळा विचार झाला. तेथील झेन या नियंत्रकात (२००३) अतिथी प्रणालीच बदलली जाते. तिच्या गाभ्यातील अवघड आज्ञा काढून त्या जागी नियंत्रकाला थेट विनंती करण्याची तरतूद करतात. या पद्धतीला पॅराव्हर्च्युअलायझेशन म्हणतात. हिची गती चांगली असे, पण मूळ आज्ञावली हाती असणे ही तिची अट होती. लिनक्सच्या बाबतीत ती पुरी होई. बाजारातील विंडोज जशीच्या तशी चालविता येत नसे.

इंटेलने नोव्हेंबर २००५ मध्ये व एएमडीने मे २००६ मध्ये आभासीकरणाची सोय असलेले प्रक्रियक आणले. आता कार्यक्रमांच्या युक्त्या निरुपयोगी होतील, असे वाटणे साहजिक होते. तथापि व्हीएमवेअरमधील कीथ अ‍ॅडम्स व ओले अ‍ॅगेसन यांच्या २००६ मधील तुलनेत, नवीन प्रक्रिया निर्माण करणे व पृष्ठतक्ते बदलणे यांसारख्या कामांत द्विमान भाषांतर पहिल्या पिढीच्या यंत्रसाहाय्याहून सरस ठरले. अतिथी व नियंत्रक यांमधील प्रत्येक ये-जा प्रक्रियकाला महाग पडत होती, हे त्याचे कारण होय. पृष्ठतक्त्यांचे दुहेरी रूपांतर स्वतः करणारे प्रक्रियक एएमडीने २००७ मध्ये व इंटेलने २००८ मध्ये काढले, तेव्हाच यंत्रसाहाय्याचे पारडे निश्चितपणे जड झाले.

मधल्या काळातील सर्व्हर मात्र अडचणीत सापडले. ६४ बिटी रचना करताना एएमडीने (२००३) स्मृतिखंडांची मर्यादा अनावश्यक म्हणून त्या अवस्थेतून वगळली आणि द्विमान भाषांतराचा आधारच गेला. एएमडीने नंतरच्या ऑप्टेरॉन प्रक्रियकांत ती पुन्हा घातली. इंटेलने घातली नाही. परिणामी २००४ मधील नोकोना या सांकेतिक नावाच्या झिऑन प्रक्रियकाचा सर्व्हर स्वतः ६४ बिटी प्रणाली चालवू शके. पण व्हीएमवेअरखाली त्याच्यावर ३२ बिटी अतिथीच चालत. झेनवर ६४ बिटी लिनक्स चाले, परंतु गाभा व कार्यक्रम दोन्ही ३ या वलयातच ठेवावे लागल्याने त्यांमधील प्रत्येक अदलाबदलीस जादा वेळ लागे.

जुन्या यंत्रांचा मार्ग बंद होण्याचे कारण तांत्रिक अशक्यता हे नव्हते. दोन प्रकारची आज्ञावली सांभाळण्याचा खर्च निर्मात्यांना नको होता. लिनक्समधील केव्हीएम (२००७) आरंभापासून यंत्रसाहाय्यावरच आधारलेला आहे. विंडोज ७ मधील एक्सपी मोड या सोयीसाठीही २००९ मध्ये यंत्रसाहाय्याची अट होती. मायक्रोसॉफ्टने मार्च २०१० मध्ये ती मागे घेतली, यावरून तिची अनिवार्यता किती होती ते दिसते. व्हर्च्युअलबॉक्सच्या ६.१ या आवृत्तीतून (डिसेंबर २०१९) यंत्रसाहाय्याविना चालण्याची व्यवस्था काढून टाकण्यात आली. लिनक्सने ५.९ या आवृत्तीत (२०२०) झेनच्या ३२ बिटी पॅराव्हर्च्युअल अतिथींचा आधार काढला. झेनची ६४ बिटी पद्धत त्यानंतरही टिकून राहिली. फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये सुरू केलेला क्यूईएमयू हा कार्यक्रम संपूर्ण अनुकरणाच्या रीतीने यंत्रसाहाय्य नसलेल्या प्रक्रियकांवरही अतिथी प्रणाली चालवितो; अर्थात त्याची गती पुष्कळच कमी असते.